घाम येत नसेल तर गोव्याच्या उकाड्यात दिवस कसा काढायचा

मधुमेह जुना झाला की पायांचा घाम आटतो. पार्किन्सन, शोग्रेन सिंड्रोम (डोळे, तोंड, कातडी कोरडी पाडणारा आजार), मज्जारज्जूची इजा, कुष्ठरोगाचे चट्टे, भाजल्यानंतरची नवी कातडी, या सगळ्यांत घामाच्या ग्रंथी किंवा त्यांना हुकूम देणाऱ्या नसा निकामी होऊ शकतात. शिवाय रोजच्या गोळ्यांपैकी कितीतरी गोळ्या घाम कमी करतात. घरचे म्हणतात, बरं आहे, कपडे भिजत नाहीत. पण मार्च लागला की अशा माणसाला दुपारी चक्कर येते, चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, काही सुचत नाही, आणि अंगावर घामाचा टिपूस नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांसाठी आहे.

आधी थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्वस्थ बसलेलं शरीर तासाला साधारण ७० ते ८० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. भरभर चाललं तर तिप्पट-चौपट. साठ किलो वजनाच्या माणसाचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर पडायची वाटच बंद झाली, तर नुसतं बसूनही तासाभरात अंग तापेल. उकाड्यात घाम ही त्यातली सर्वांत मोठी वाट. एक लिटर पाणी कातडीवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. याउलट १० अंशांचं एक लिटर गार पाणी प्यायलात, तर ते पोटात ३७ अंशांपर्यंत तापताना जेमतेम २७ किलोकॅलरी शोषतं. कातडीवर वाळलेलं १०० मिलिलिटर पाणी हे प्यायलेल्या लिटरभर गार पाण्यापेक्षा दुप्पट काम करतं. बाहेरून ऑइलपेंट मारलेला माठ पाणी गार करत नाही, कारण पाझर बंद झालेला असतो. आत कितीही पाणी ओता. तेव्हा आतून न येणारा घाम बाहेरून द्यायचा, हीच सगळ्या उपायांची किल्ली.

पहिलं काम: घाम कुठे येतो ते शोधा

पुष्कळांना वाटतं, मला तर धो धो घाम येतो. नीट पाहिलं तर तो फक्त कपाळ, मान आणि छातीवर असतो. पोटऱ्या, पाय, हात कोरडे ठणठणीत. मधुमेहात हे अगदी नेहमीचं: खालचा भाग घाम देत नाही, म्हणून वरचा भाग दुप्पट देतो. काहींना जेवताना चेहऱ्यावरून पाणी गळतं, तेही त्याच नसांच्या बिघाडातलं.

यासाठी उन्हात जाऊन परीक्षा घ्यायची नाही. सकाळच्या नेहमीच्या कामानंतर, अंग थोडं गरम झालेलं असताना, कोरडा टिश्यू पेपर एकेका जागी दहा सेकंद दाबून धरा: कपाळ, मान, काख, छाती, पाठ, कोपराच्या आतली बाजू, तळहात, मांडी, पोटरी, तळपाय. कागद ओला, दमट की कोरडा, ते वहीत लिहा. चार-पाच दिवस केलंत की कोरड्या भागांचा नकाशा तयार होतो. पाणी मारायचं ते तिथे. हीच वही डॉक्टरांनाही दाखवा. अंगाला आयोडीन आणि स्टार्च लावून, घाम येतो तिथे काळा-जांभळा रंग उमटतो का, हे तपासायची पद्धत आहे, पण ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

एखादाच चट्टा कोरडा, फिकट आणि बधिर असेल तर उकाड्याचा विचार बाजूला ठेवून आधी कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि लवकर सुरू केलं तर नसा वाचतात.

दुसरं काम: औषधांची पिशवी

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, फार्मसीतून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. घाम अडवणारी नेहमीची नावं अशी: लघवी वारंवार होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन, टॉल्टेरोडीन, कंप आणि ताठरपणासाठीची ट्रायहेक्सिफेनिडिल, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठीची अमिट्रिप्टिलीन, अर्धशिशी वा फिट्ससाठीची टोपिरामेट, मानसिक आजारावरची काही औषधं. आणि दोन अशी, जी औषध म्हणून कोणी मोजतच नाही: पोटात कळ आली की घेतली जाणारी डायसायक्लोमिन, आणि सर्दीच्या गोळीतली क्लोरफेनिरामिन. आधीच ट्रायहेक्सिफेनिडिल घेणाऱ्याने मे महिन्यात सर्दीची गोळी घेतली की दोन्हींची बेरीज होते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होतं, आणि बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीच्या गोळ्या) कातडीकडे जाणारं रक्त कमी करू शकतात. त्यांचाही उल्लेख करा. मानसिक आजारावरचं लिथियम चालू असेल तर पाणी कमी पडल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं.

कुठलंही औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. विचारायचा प्रश्न हा: “यातलं कोणतं औषध घाम थांबवतं, आणि मार्च ते मे डोस किंवा वेळ बदलता येईल का?” नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. उद्या शस्त्रक्रिया ठरली तर घाम येत नसल्याचं भूलतज्ज्ञांनाही सांगा.

मोजायची सवय

घाम येणाऱ्याला शरीर स्वतः कळवतं की आता पुरे. तुम्हाला ते फार उशिरा कळतं, म्हणून थर्मामीटर हवाच. डिजिटल घ्या, नेहमी जिभेखाली आणि त्याच पद्धतीने मोजा. गार किंवा गरम काही प्यायलं असेल तर वीस मिनिटं थांबा, नाहीतर आकडा खोटा येतो. काखेतलं माप साधारण अर्ध्या अंश सेल्सिअसने, म्हणजे सुमारे एक अंश फॅरेनहाइटने कमी दिसतं.

आठवडाभर सकाळी आणि दुपारी घरात शांत असताना मोजून आपला नेहमीचा आकडा ठरवा. पुढे:

- नेहमीपेक्षा १ अंश फॅरेनहाइट जास्त: हातातलं काम तिथेच सोडा, सावलीत बसा, पाणी आणि पंखा सुरू.
- १००.४: पूर्ण गार करणं सुरू करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.
- १०२, किंवा तासभर गार करूनही आकडा उतरत नाही: दवाखाना.
- १०४, किंवा आकडा काहीही असो पण बोलणं असंबद्ध, चालताना झोक, फिट, बेशुद्धी: १०८ ला फोन करून रुग्णवाहिका.

एक सापळा इथे आहे. ताप जंतूंमुळेही येतो, आणि उकाडा समजून तो अंगावर काढला जातो. गार खोलीत, ओल्या अंगाने, पंख्याखाली तासाभरात आकडा नेहमीवर आला आणि तिथेच राहिला, तर बहुधा उष्म्याचा त्रास. गार खोलीत बसूनही पुन्हा चढला, थंडी वाजली, लघवीला जळजळ झाली, तर ताप समजून तपासणी करा. पावसाळ्यात तर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस मनात ठेवूनच वागायचं. पॅरासिटामॉल जंतूंच्या तापावर चालतं. उन्हाने तापलेल्या अंगावर ते काम करत नाही, म्हणून गोळी देऊन वाट बघत बसू नका.

घरात तापमान आणि आर्द्रता दाखवणारा डिजिटल मापक ठेवा. गोव्यात नुसत्या तापमानाला अर्थ नाही. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ‘जाणवणारं’ तापमान ४० च्या पुढे जातं, आणि हे कोष्टक घाम येणाऱ्या माणसाला धरून केलेलं आहे; तुमचा त्रास त्याहून जास्त. हवामान खातं किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करतं ते पारा किमान ३७ वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश चढल्यावर. त्या इशाऱ्याची वाट पाहू नका. तुमची लाट ३२ वरच सुरू झालेली असते.

पाणी आणि वारा

झाडांवर फवारायची बारीक तुषारांची बाटली घ्या, ५०० मिलिलिटरची. साधं पाणी भरा. अत्तर, गुलाबपाणी, कापूर काही नको. नकाशातल्या कोरड्या भागांवर पातळ थर मारा: हात, खांदे, मान, छाती, मांड्या, पोटऱ्या. पाणी ओघळायला लागलं म्हणजे जास्त झालं. ओघळून जमिनीवर पडलेलं पाणी फारशी उष्णता नेत नाही; वाळतं तेच नेतं. पंखा अंगावर हवा. वाळलं की पुन्हा फवारा, साधारण दर पाच ते दहा मिनिटांनी. बाटली आठवड्यातून एकदा साबणाने धुवून उन्हात वाळवा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

बाहेर जाण्याआधी अंगाला खोबरेल किंवा जाड मलम चोपडू नका. तेलकट कातडीवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन निसटतं. शोग्रेनमध्ये किंवा मधुमेहात कातडी कोरडी पडते हे खरं, मग मलम रात्री लावा आणि सकाळी धुवून टाका. पावडरचा जाड थरही नको. घामोळ्यांत घामाच्या नळ्या तुंबतात, आणि पुरळ गेल्यावरही काही आठवडे त्या जागेला घाम कमी येतो. तेवढे दिवस ती जागा ‘कोरडी’ धरून चाला.

कपड्यात पातळ सुती गंजी सर्वांत उपयोगी. भिजवा, घट्ट पिळा, घाला, वर सैल शर्ट किंवा गाऊन. पिळलेल्या गंजीतून वारा जातो, निथळणाऱ्या गंजीतून जात नाही. खांद्यावर ओला पंचा असावाच.

पाण्याची वेळ फार महत्त्वाची. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता नळातून इतकं कढत येतं की त्याने अंग गार होण्याऐवजी तापतं. सकाळी सहालाच दोन बादल्या भरून न्हाणीत, सावलीत झाकून ठेवा. घरी विहीर असेल तर प्रश्नच मिटला; विहिरीचं पाणी मे महिन्यातल्या भर दुपारीही गार लागतं. बर्फाचं पाणी अंगावर ओतायची गरज नसते.

अंग जास्त तापलं असेल तर दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या टबात पंधरा-वीस मिनिटं बुडवून बसा. तळहातांतून रक्त भरपूर वाहतं आणि गार होऊन परत जातं. पाय बुडवायला अनेकांना आवडतं, पण मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर नको: पाणी किती गार आहे ते कळत नाही, बोटांच्या बेचक्यांत ओल राहून बुरशी धरते, भेगा चिघळतात. आंघोळीनंतर सगळं अंग ओलं ठेवा, पण बेचक्या, जांघा आणि स्तनांखालची जागा मात्र टिपून कोरडी करा. बर्फाची पिशवी कधीही थेट कातडीवर ठेवायची नाही. टॉवेलात गुंडाळून, पंधरा मिनिटं. बधिर कातडी बर्फाने भाजते आणि भाजल्याचं कळत नाही.

उभं राहिल्यावर चक्कर येण्याचा त्रास असेल तर आंघोळ स्टुलावर बसून करा.

पंखा, एसी आणि घर

पंखा चालू असला म्हणजे सुटलो असं नाही. हवा ३५ अंशांखाली असेल तर पंखा चांगलाच. त्यापुढे हवा कातडीपेक्षा गरम, म्हणजे कोरड्या अंगावर पंखा गरम वारा फेकतो. तेव्हा अंग ओलं असलं तरच त्याचा उपयोग. किनाऱ्याजवळ पारा सहसा इतका चढत नाही. पण मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा सुटला आणि समुद्राचा वारा उशिरा आला की दुपारी तो भसकन वर जातो. सत्तरी, सांगे, फोंडा अशा आतल्या भागात समुद्राचा वारा पोचेपर्यंत त्याचा जोर कमी झालेला असतो. पणजीचा आकडा पाहून वाळपईतला दिवस ठरवू नका.

गवताच्या जाळ्यांचा पाण्याचा कूलर गोव्यात घेऊ नये. कोरड्या नागपुरात तो राजा आहे; इथे दमट हवेत आणखी दमटपणा भरतो. पैसे असतील तर एका छोट्या खोलीला एसी बसवा, सगळ्या घराला नको. जानेवारी २०२० पासून भारतात विकले जाणारे एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात. २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावला तरी पुरतं आणि बिल कमी येतं. पावसाळ्यात ड्राय मोड वापरा, हवेतला दमटपणा उतरला की अंगावरचं पाणी झटपट वाळतं. लाइट जाणार हे गृहीत धरून चार्जिंगचा पंखा तयार ठेवा.

कौलारू घरात वरून वारा खेळतो, पण स्लॅबचं घर दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री आत सोडतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर आजारी माणसाची खाट खालच्या मजल्यावर हलवा. हा फुकटचा उपाय आहे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. खिडक्या रात्री उघड्या, डासांची जाळी लावून. सकाळी नऊनंतर ऊन येणाऱ्या बाजूच्या बंद, पडद्यासह. पावसात कपडे वाळत घालायची दोरी त्या खोलीत नको. चुलीवरचं किंवा गॅसवरचं मोठं काम सकाळी नऊआधी उरका. चवथीच्या दिवसांत हे कठीण जातं, म्हणून नेवऱ्या तळायला दुसऱ्या कुणाला बसवा आणि तुम्ही पंख्याखाली बसून सारण भरा.

बाहेर पडायचं तर

बाजार, बँक, पंचायत सकाळी दहाच्या आत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी बाराला जायचं नाही. कदंब बसमध्ये बसायची बाजूही विचार करून निवडा: पणजीहून म्हापशाकडे, म्हणजे उत्तरेला जाताना सकाळी डावीकडे सावली, दुपारनंतर उजवीकडे. मडगावकडे जाताना याच्या उलट. बरोबर भरलेली तुषारबाटली, प्यायचं पाणी आणि ओला पंचा पिशवीत. हेल्मेटखाली ओला रुमाल. गाडी सिग्नलला थांबली की हेल्मेटच्या आत वारा थांबतो, तेवढ्यातही फरक पडतो. म्हणून लांबच्या प्रवासात दर वीस मिनिटांनी सावलीत थांबा, हेल्मेट काढा, डोकं-मान भिजवा.

इन्सुलिन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. डिकी भट्टीसारखी तापते आणि औषध निकामी होतं. मग साखर वाढते, लघवी वाढते, पाणी कमी पडतं, आणि उकाडा आणखी बाधतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, पण फ्रीझरमध्ये नाही.

शिरगावची जत्रा वैशाखात येते: रात्रभर गर्दी, त्यात होमकुंडाची धग. गर्दीत हवा हलत नाही, प्रत्येकाच्या घामाने ती दमट होते. देवीचं दर्शन घ्यायचंच असेल तर गर्दीची रात्र टाळून दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी लवकर जा, आणि बरोबर तुमचा त्रास माहीत असलेलं माणूस असू द्या.

खाणंपिणं

मूत्रपिंड किंवा हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर, थोडं थोडं. मर्यादा असेल तर ती पाळा. गारवा तुम्हाला कातडीवरून मिळवायचा आहे, त्यामुळे अडत नाही. इथे एक गैरसमज खोडायला हवा. ओआरएस आणि खारट सरबत हे घामातून गेलेलं मीठ भरून काढायला असतं. ज्याला घामच येत नाही त्याचं मीठ जात नाही, म्हणून उकाडा आहे एवढ्यासाठी रोज ओआरएस प्यायल्याने फायदा नाही; रक्तदाब वाढलेला असेल तर नुकसान आहे. जुलाब-उलटी झाली, किंवा रक्तदाब फार उतरतो म्हणून डॉक्टरांनीच मीठ वाढवायला सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी. ओआरएसचं मोठं पाकीट घेतलं तर ते एक लिटरमध्येच, अर्ध्या ग्लासात नाही.

दुपारी पातळ पेज, बिनसाखरेची सोलकढी, ताक, तिजान (नाचणीची गोड पेज), सगळं चालेल. मधुमेहींनी पेजेतला भात आणि तिजानातला गूळ मोजून घ्यावा. एकदम भरपेट जेवण टाळा: ज्यांचा रक्तदाब उतरतो त्यांचा तो जेवणानंतर आणखी उतरतो, आणि पचनानेही थोडी उष्णता वाढते. दारू नको.

बिघडलं तर

सावलीत किंवा गार खोलीत आडवं करा. जादा कपडे काढा. अंगावर साठवलेलं पाणी ओता, पंखा पूर्ण वेगाने. मान, काखा, जांघा इथे टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. १०८ ला फोन एकाने करायचा, गार करणं दुसऱ्याने थांबवायचं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंतची ती मिनिटं मेंदूसाठी मोलाची असतात. पूर्ण शुद्धीत असेल तरच पाणी पाजा.

उष्माघातात कातडी कोरडी असते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तुमची कातडी रोजच कोरडी असते आणि उपचाराच्या वेळी तुम्ही तिला ओली केलेली असते, त्यामुळे पाहणाऱ्याला त्यावरून काहीच कळणार नाही. म्हणून खिशात एक कार्ड ठेवा, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, प्लॅस्टिकमध्ये घालून. मजकूर असा:

“मला घाम येत नाही (कोरडे भाग: ……). आजार: …… औषधं: …… मी गोंधळल्यासारखा बोलत असेन किंवा पडलो असेन तर उष्माघात समजा. कातडी पाहून ठरवू नका, थर्मामीटर लावा. लगेच अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, मग १०८ ने गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), बांबोळी किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात न्या. घरचा फोन: ……”

कार्डाची एक प्रत शेजाऱ्यांकडे, एक कामाच्या जागी, एक स्कूटरच्या कागदपत्रांत. औषध बदललं की खिशातलं कार्ड आणि तिन्ही प्रती बदला.